पंचमीचं डांगर

…आनि त्यो दोडका, बायांनो, निस्त्या पान्याच्या हबक्यावर शिजतो म्हनं! तेल न्हाई, फोडनी न्हाई, फुकनी न्हाई, डोळ्यात धूर न्हाई… काचंच्या भांड्यात फोडी टाकायच्या, दार लावायचं, कळ दाबायची, आनि बाई बसती कुठं? तर खुर्चीवर! वेनी घालीत! पाच मिन्टात "टिंग" वाजलं की आमचं मामंजी तांब्या घेऊन पाटावर हजर! वीस वरसं म्या हाका मारमारून घसा कोरडा केला, "मामंजी, जेवाय चला, भाकरी निवतीया," तवा कवा उठलं न्हाईत, आनि आता त्या घंटीला उठत्यात! न्हाई, माझं काय न्हाई! पर मानसाच्या हाकंला काय किंमत हाय का न्हाई?

तुमास्नी सांगते, आमच्या पाटनात, आमच्या आळीत, ह्यो मायक्रोवेव्ह पयला आमच्याच घरात आला. माझा धाकटा दीर अर्जुना मिल्ट्रीत हाय, त्यो गेल्या साली सुट्टीवर येताना ट्रंकंसंगट ह्यो डबा घेऊन आला. कुनासाठी? बायकूसाठी, मयूरीसाठी! का? तर ती सांगलीची, शेरात वाढल्याली, तिला चुलीचा धूर सोसत न्हाई. मला सोसतो! मी जनू धुरातच जलमले व्हते! आमच्या मालकांनी लगीन झाल्यावर मला काय आनलं म्हनाल, तर एक खलबत्ता… त्योबी तिरका. न्हाई, माझं काय न्हाई!

पर खरं दुखनं सांगू? मामंजी! रिटायर सुभेदार मानूस. कौतुकाचा शब्द तोंडातनं काढायचा म्हंजे जनू दिल्लीची परवानगी लागती. वीस वरसं ह्या हातची आमटी खाल्ली, पिठलं खाल्लं, पर "झ्याक झालंय, सूनबाई" असं एकदा? एकदाबी न्हाई! लय खूश झालं तर म्हननार, "मीठ बरं हाय." ह्ये आमचं सगळ्यात मोठं मेडल! आनि दिवाळीत डाक्टरनं त्येंचं तेल बंद केलं, तवापास्नं मयूरीचा उकडल्याला दुधी, मयूरीचं उकडल्यालं गाजर… रोज तेच बिनतेलाचं, बिनमसाल्याचं… आनि मामंजी ढेकर देऊन म्हनत्यात, "पोटाला हलकं वाटतंय गं!" माझ्या पोटात काय व्हत असंल, कुनी इचारलं?

मग म्या मनात म्हनलं, थांब, पंचमी येऊ दे. नागपंचमीला चिरायचं न्हाई, तळायचं न्हाई, तवा चढवायचा न्हाई! फोडी न्हाईत तर त्यो डबा काय शिजवनार, कपाळ? त्या दिवशी माझी पुरनाची दिंडं, वाफंवर उकडल्याली, मऊसूत! मामंजी खातील आनि म्हनतील… काय म्हनतील, ते तुमास्नी ठावं हाय.

पंचमी आली. आमचं मालक पहाटंच शिराळ्याला नाग बघाय गेलं, आनि हिकडं मयूरी सासूबाईला इचारती कशी, लाडानं मान वाकडी करून, "आत्याबाई, यात जाळ नाही, तवा नाही… घेवड्याच्या शेंगा अख्ख्याच उकडल्या तर चालेल का हो?" आनि माझी सासू! जिनं एका पंचमीला म्या निस्ती विळी सरकवली म्हनून दिवसभर माझा उद्धार केला, ती म्हनती, "चालंल की गं! नागोबाला काय इजा हाय त्यात?" मामंजींनी वाटीभर शेंगा खाल्ल्या. दिंड एकच खाल्लं. आनि म्हनालं, "मीठ बरं हाय." पुरनाला! गोडाला, बायांनो!

झालं! माझं डोस्कं फिरलं. दुपारी मयूरी झोक्यावर गेली, आत्याबाई फेर बघाय गेल्या, मामंजी सोप्यात पडलं. म्या परड्यातनं एक कवळं डांगर आनलं, मयूरी ज्येला लाल भोपळा म्हनती ते, नारळाएवढं. आता डांगराला पयला घाव घालायचा गडीमानसानं, बायकांनी न्हाई. आनि पंचमीला तर गड्यानंबी न्हाई! म्हनून म्या ते अख्खंच डब्यात ठेवलं, देठासकट. दोडक्याला पाच मिन्टं लागत्यात, डांगर थोरलं, म्हनलं पंधरा लावू. आनि बसले खुर्चीवर. वीस वरसांत पयल्यांदा! वेनीबी सोडली. काय सुख वाटलं म्हनून सांगू…

धाडदिशी! दार उघडून डांगर भाईर! आढ्याला गर, भिताडाला बिया, केसात साल… आनि सोप्यातनं मामंजी, "भूकंप! भाईर पडा, भाईर पडा!" आवं, आमच्याकडं ताट पडलं तरी मानसं अंगनात येत्यात, कोयनेनं तेवढं शिकवलंय. मामंजी धोतर सावरत अंगनात, अख्खी आळी अंगनात, झोक्यावरच्या बाया पळत आल्याल्या… कुनी इचारतंय, "कितीचा असंल वं, सुभेदार?" मामंजी ठाम, "चारच्या खाली न्हाई!"

मयूरी आत आली. डबा बघितला, आढं बघितलं, मला बघितलं. मागनं मामंजी, डोळं लाल, "कुनाचं काम हे?" म्या केसातली साल पदराखाली दडवली! आनि ही पोरगी म्हनती, "माझ्याच हातनं झालं, मामंजी. डांगराला टोचे मारायचे विसरले." बायांनो, माझं डोळं भरून आलं. खोटं न्हाई सांगत. म्हनलं, काय गुनाची हाय ही, आनि म्या वरीसभर हिला नावं ठेवली!

सांच्याला काचंच्या थाळीत उरल्यालं डांगर तिनं खरवडलं. भरीत आपसूकच झाल्यालं! तिनं दही घातलं, चिमूटभर साखर घातली, मीठ तेवढं म्या टाकलं. मामंजींनी घास घेतला. थांबलं. दुसरा घेतला. डोळं मिटलं… आनि म्हनालं,

"झ्याक! वीस वरसांत ह्या घरात असं भरीत खाल्लं न्हाई! मयूरी, तूच केलंस न्हवं?"

झ्याक! त्यो शब्द! माझ्या डांगराला! मयूरी लगीच, "नाही मामंजी, खरं तर डांगर अक्कांनी…" म्या तिचा पाय असा दाबला की तिचं तोंडच मिटलं! डांगर माझं म्हनावं, तर भूकंपबी माझाच की! सगळी आळी अंगनात काढल्याली मामंजी इसरत्यात व्हय? म्हनून म्याच म्हनले, "व्हय मामंजी, मयूरीनंच केलं."

न्हाई, माझं काय न्हाई! पर जीव ऱ्हाईना, म्हनून हळूच म्हनले, "मीठ… मीठ तेवढं म्या घातलंय, मामंजी."

मामंजींनी बोट चाटलं.

"बरं हाय."