गाडीला थंडी वाजते म्हणे

...नाही, तर मला एक सांगा, गाडीला कधी थंडी वाजते का हो? पण आमच्या चिरंजीवांनी घरामागं गॅरेज काढलं ते उबदार. मुरूम टाकला, ठोकून ठोकून घट्ट केला, वर प्लास्टिक, त्यावर फोमचे जाड तक्ते, मग सळ्यांची जाळी, मग काँक्रीट... मी म्हटलं, "अरे, गाडीला गादी कशाला?" तर म्हणतो, "आई, जमिनीतून गारठा येतो." माझे गुडघे थंडीनं धरतात तेव्हा कुणाला गारठा आठवला नाही, पण गाडीला थंडी वाजते म्हणे.

गवंडी म्हणाला, "साहेब, दाराकडे उतार देतो, पाणी वाहून जाईल." तर लेक म्हणतो, "नको, सपाट ठेवा, पाय घसरायला नको." चाकाला कुठला आलाय पाय? पण मी बोलले की सून दारातून डोकावणार, "आई, हळू... माझी मीटिंग चालू आहे." तिची मीटिंग सदा चालू, भिंतीपलीकडे माझी खोली, आणि माझा हा आवाज. ऐकताच आहात.

तर काँक्रीट ओतलं. आता त्याला पाणी कोण मारणार? नाही मारलं तर तडे जातात. मीच. सकाळ-संध्याकाळ नळी धरून उभी, कमरेचा काटा ढिला झाला, पण एक कोपरा कोरडा राहू दिला नाही. का, तर गाडीला थंडी वाजते म्हणे.

गवंडी कडेच्या फळ्या काढायला आला, तेव्हा कोपऱ्यातून वर आलेला जाड पाइप दाखवून मी विचारलं, "हा कसला रे बाबा?"

"संडासाचा, ताई."

"गाडीला संडास?"

तो फळीतला खिळा उपटत बसला. एकच खिळा, किती वेळ...

लेकाला धारेवर धरलं. तर म्हणतो, "आई, तुझ्यासाठीच केलं सगळं. आधी सांगितलं असतं तर तू फावडं घेऊन धावली असतीस." धावलेच असते. ओलं होतं तोवर उकरून फेकलं असतं. आता पहार मारली तरी टवका निघत नाही. निघेल कसा? पाणी कुणी मारलंय?

तर आता मी तिथं असते. ऊब आहे, खोटं कशाला बोलू? भिंतींतही फोम भरलाय, कितीही ओरडले तरी मीटिंगला ऐकू जात नाही. गाडी बाहेरच, उघड्यावर. परवा सुनेला म्हटलं, "अगं, तिच्यावर कापड तरी टाक." तर म्हणते कशी, "आई, गाडीला कुठं थंडी वाजते?"