वरच्या मजल्याचा मीटर

...न्हाय, न्हाय साहेब, जिन्यावर पाय नका ठेवू. आधी च्या घ्या. वीज ऑफिस कुठं पळून जात न्हाय, बसा की. अर्ज आमचाच हाय — मी जुलेखा, वर माझा ल्योक नौमान आणि सून मुस्कान. दुसरा मीटर द्यायचा तर चूल वेगळी हाय का बघायला आलाय, व्हय ना? सगळ्या मंगळवार पेठेला म्हाईत हाय ते. हाय की चूल! गॅस हाय, ओटा हाय, डबं हाईत. मी सांगतीय ना, मग बघायचं कशाला?

दुसरा मीटर कशाला? तुमीच इचारताय व्हय! युनिट वाढलं की दर चढतोय — शंभराच्या आत हाय तवर गप, तीनशेच्या वर गेलं की बिल हातात धरवत न्हाय. वर फ्रिज, खाली फ्रिज, माझं शिलाई मशीन, त्यांचा एसी, सगळं एकाच मीटरवर! दोन झालं की दोघंबी खालच्या दरात. स्थिर आकार दोनदा भरायचा — ते धरूनबी परवडतंय. सोलर म्हटलं तर शेजारच्या बिल्डिंगीची सावली. नौमान म्हणला, घरात बसवलेल्या नव्या स्मार्ट मीटरवर दिवसा सवलत हाय, धुणं दिवसा लावा. लावणार कोण? सून कागलला कंपनीत. ती सांजच्याला येऊन मशीन लावायची, आणि मी म्हणायची — महागाच्या वक्ताला कशाला लावतीस? रोज म्हणायची. व्हय, रोज. ती मशीन बंद करायची. बोलली असती तर बरं झालं असतं.

मग दोन मीटरचं मीच काढलं. डोकं माझंच! सुनंला म्हटलं — नुसता गॅस मांडून भागायचं न्हाय, साहेब काय खुळं न्हाईत. चार दिवस वर सैपाक कर, भितीला तेल उडू दे, फोडणीचा वास ऱ्हाऊ दे, तपासणी झाली की परत खाली — आता हे तुमाला कशाला सांगाय लागलीय मी? असू दे. सांगितलं तर सांगितलं. तुमची तारीख पुढं गेली. परत पुढं गेली. आणि वरची चूल काय इझली न्हाय, साहेब. लवकर आला असता तर काय बिघडलं असतं तुमचं?

परवा शुक्रवारी वरनं बिर्याणी आली. वाटीत. वर ताटली झाकून, शेजारणीला देत्यात तशी. आणि मी काय केलं? रिकामं भांडं परत द्यायचं न्हाय म्हणून वाटी धुतली, साखर घातली, आणि दिली पाठवून. पोटच्या पोराला! वाटी वर गेल्यावर कळलं मला काय केलं ते. तिथंच पायरीवर बसून रडले.

काढा तुमचा कागद. लिवा — सैपाकघर एकच. दुसरा मीटर नामंजूर. लिवा की! बिल येऊ दे कितीबी, मी भरते. मीटर आला म्हंजे त्यास्नी खाली यायचं कारणच उरत न्हाय, कळतंय का तुमाला? न्हाय, वर जायचं न्हाय. वर काय न्हाय. वर कोण सैपाक करत न्हाय.

शिट्टी? कुकरची?

...शेजारची असंल. या आता तुमी.