उबुकाता तोकुजी यांना उबुकाता तोकुजी यांची संमती

(जपानमधल्या शिमाने प्रांतातलं एक डोंगरी गाव. ओसरीवर उबुकाता तोकुजी चहा पीत बसले आहेत. त्यांच्यासमोर उबुकाता तोकुजी गुडघे दुमडून बसले आहेत. वाचकांचा घोळ नको म्हणून घरमालकांना 'मुळेवाले' आणि पाहुण्यांना 'सुरीवाले' म्हटलं आहे. सायो ही सुरीवाल्यांची मुलगी.)

मुळेवाले : म्हणजे ती तिन्ही पार्सलं तुमची होती?

सुरीवाले : माझीच! म्हणजे तुमचीच! तुम्हालाच पाठवली होती!

मुळेवाले : पाठवणार उबुकाता तोकुजी, घेणार उबुकाता तोकुजी. कुरिअरवाला म्हणाला, आजोबा, स्वतःलाच मिठाई पाठवायला लागलात का? मी म्हटलं, परत ने. वय झालंय, पण एवढं नाही झालेलं.

सायो : तिन्ही परत आली. बाबांनी खाल्ली.

सुरीवाले : वाया गेली असती! शेवटी म्हटलं, आपणच उठून जावं. अहो, तुम्हाला बघून काय आनंद झालाय म्हणून सांगू! नाव तेच, आडनाव तेच, लिहायची चिनी अक्षरंसुद्धा तीच!

मुळेवाले : हवंय काय?

सुरीवाले : नाव!

मुळेवाले : ते आहेच की तुमच्याकडे.

सायो : थांबा बाबा, मी सांगते. आजोबा, हे जन्मभर आमच्या सानजो गावात स्वयंपाकघरातल्या सुऱ्या घडवत आले. सुरी यांची, तिच्यावर नाव व्यापाऱ्याचं. यंदा त्या व्यापाऱ्यानं दुकान बंद केलं. आता पहिल्यांदाच सुरीवर बाबांचं स्वतःचं नाव येणार.

सुरीवाले : येणार होतं! ठसासुद्धा करून ठेवलाय!

सायो : पण ट्रेडमार्कच्या कचेरीत गेलो, तर ते म्हणाले, या नावाचा आणखी एक जिवंत माणूस आहे. नाव जितकं तुमचं, तितकंच त्याचं. त्याची संमती आणा.

मुळेवाले : आणि त्यानं नाही दिली तर?

सुरीवाले : तर ही म्हणते, फुलपाखरू काढू. माझ्या सुरीवर फुलपाखरू!

मुळेवाले : फुलपाखरू वाईट नाही.

सायो : बघा.

मुळेवाले : आणि समजा, उद्या एखादीचं बोट कापलं. ती काय म्हणणार? उबुकाता तोकुजीनं कापलं. मी बिचारा इथं मुळे उपटतोय.

सुरीवाले : माझ्या सुरीनं बोट कापलं, तर चूक बोटाची!

सायो : बाबा!

मुळेवाले : माशाची आतडी कशानं काढली? उबुकाता तोकुजीनं. माझ्या आईनं देवळात विचारून ठेवलेलं नाव आहे हो हे.

सुरीवाले : माझ्याही!

मुळेवाले : कचेरीला जिवंत माणसाचीच संमती लागते ना?

सायो : हो.

मुळेवाले : मग थोडं थांबा की. शहाऐंशीचा आहे मी.

सुरीवाले : नाही, नाही, नाही! असं बोलू नका! आत्ता येताना देवळामागं थडगं दिसलं. त्याच्या बाजूवर नाव, उबुकाता तोकुजी!

सायो : मी म्हटलं, चला, आता संमती लागायची नाही. तर हे रडायलाच लागले.

मुळेवाले : का बुवा? ओळख ना देख.

सुरीवाले : अख्ख्या जगात एकच तर होता दुसरा! मग जवळ जाऊन बघितलं, तर अक्षरांत लाल रंग, जिवंत माणसाच्या नावात भरतात तो. म्हणजे गृहस्थ हयात आहेत! मी तिथंच ओरडलो, लाल आहे, लाल आहे!

सायो : देवळातले भिक्षू धावत आले. त्यांना वाटलं, साप निघाला.

मुळेवाले : बायकोचं नाव काळं आहे, त्याच्याशेजारी माझं. ती गेली तेव्हा दोन्ही एकदमच कोरून घेतली. पाथरवट पुन्हा कशाला बोलवायचा? … सुरी आणलीय का?

सुरीवाले : आणलीय! ही बघा! ही!

सायो : हळू, बाबा. स्वतःलाच कापाल.

मुळेवाले : आणा इकडे. हा मुळा आजच उपटलाय.

सुरीवाले : जोर नका लावू! नुसती टेकवा. हां, आता सोडा… बघा! सायो, बघितलंस?

मुळेवाले : आवाज नाही आला.

सुरीवाले : येतच नाही!

मुळेवाले : या चकतीतून पलीकडचा डोंगर दिसतोय.

सुरीवाले : अजून पातळ निघेल! अजून कापा!

मुळेवाले : मुलीला दाखवा ही चकती. नाही, राहू दे, खाऊनच टाकतो. … सायो, आत देव्हाऱ्याखाली खण आहे बघ. माझा नावाचा शिक्का त्यात असेल, घेऊन ये.

सुरीवाले : देताय? संमती देताय? सायो, ऐकलंस का? पळ!

सायो : आणला, आजोबा. कागद हा. इथं नाव लिहायचं, त्याच्यापुढं शिक्का. बाबा, कागद तुम्ही नका धरू, चुरगळतोय बघा तो.

सुरीवाले : धरणारच! माझं नाव आहे ते!

मुळेवाले : माझं आहे. तुमचं खाली आहे. … हं, उमटला. घाला तुमचं नाव. कुठल्या सुरीवर घालणार?

सुरीवाले : सगळ्यांवर! एकूण एक सुरीवर!

मुळेवाले : मग प्रत्येक नीट करा. इथं लोक मला ओळखतात.