आतल्या गोटातलं गाणं

(कंपनीच्या कचेरीतली काचेची खोली. टेबलाच्या एका बाजूला सचिवबाई. दुसऱ्या बाजूला हिशेबखात्याचे प्रमुख आणि त्यांचे सासरे.)

सचिवबाई : तर काका, पुन्हा विचारते. आमच्या कंपनीचे शेअर घ्या, असं तुम्हाला कुणी सांगितलं?

सासरे : आणि मी पुन्हा सांगतो, कुणीही नाही. माझं मला कळलं.

सचिवबाई : नेमकं खिडकी बंद असतानाच कळलं?

सासरे : खिडकी सताड उघडी होती. उकडत होतं.

जावई : बाबा, खिडकी म्हणजे मुदत! आतली बातमी जाहीर होईपर्यंत आम्ही आणि आमच्या घरच्यांनी कंपनीच्या शेअरना हात लावायचा नाही. जेवताना सांगितलं होतं मी.

सासरे : जेवताना तुम्ही कंपनीबद्दल जे बोलता ते मी ऐकत नाही, जावईबापू. अन्न अंगी लागत नाही.

सचिवबाई : काका, हे हसण्यावारी नेऊ नका. यांनीच तुमच्या कानात सांगितलं असं ठरलं, तर यांच्यावर चौकशी बसेल. पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही यांना. तुम्ही यांच्याकडेच राहता ना?

सासरे : हे माझ्याकडे राहतात.

सचिवबाई : बरं. कंपनी काय करते, एवढं तरी माहीत आहे?

सासरे : शिवणकाम.

जावई : बाबा!

सासरे : मग काय? पोलाद बनवणारे वेगळेच. तुम्ही त्या पत्र्याचे तागे आणता, उलगडता, इस्त्री मारून सपाट करता आणि गिऱ्हाइकाच्या मापानं कापून देता. कुणाला मोटारीसाठी, कुणाला कपाटासाठी. काजं-बटणं तेवढी करत नाही.

सचिवबाई : हेच सांगायला आमच्या वार्षिक अहवालाला चाळीस पानं लागतात. आणि तरी कळत नाही. असो. मग या शिवणकामाचे शेअर आत्ताच का घ्यावेसे वाटले?

सासरे : ते मी यांच्यासमोर सांगणार नाही.

जावई : सांगा हो बाबा. इथे माझी मान अडकलीय.

सासरे : हे गातात.

सचिवबाई : कोण?

सासरे : हे! बाथरूममध्ये. लग्न झाल्यापासून त्या बाथरूममधून नळाशिवाय दुसरा आवाज आला नव्हता. संध्याकाळी घरी यायचे ते मेमो मिळाल्यासारखे. यांचा चेहरा बघून माझी बडबडी लेकसुद्धा मुकी झाली. आणि आता गेले काही दिवस मोठ्ठ्यानं, ताना घेऊन! बेसूर, पण मनापासून.

जावई : बेसूर?

सासरे : आत्ता तो मुद्दा नाही.

सचिवबाई : आणि त्यावरून तुम्ही ओळखलंत की...

सासरे : की कंपनीला घबाड लागलंय. म्हटलं, ज्या गोष्टीनं हा माणूस इतका खुलला, तिच्यात आपलाही थोडा वाटा असावा. शेअर म्हणजे वाटाच ना?

सचिवबाई : साहेब, बाजार बंद झाला. बातमीही जाहीर झालीय. आता सांगा त्यांना.

जावई : बाबा, मी राजीनामा दिलाय.

सासरे : मग ते गाणं?

जावई : त्याचंच.

सचिवबाई : हिशेबखात्याचा प्रमुख सोडून गेला की भाव पडतो, काका. आतली बातमी कळलेला माणूस शेअर विकतो. तुम्ही घेतलेत! इतका निर्दोष माणूस माझ्या समोर आजवर बसलेला नाही.

सासरे : म्हणजे आम्ही सुटलो?

सचिवबाई : खिडकीचा नियम मोडलात, त्याबद्दल लेखी समज मिळेल. नफा झाला असता तर तो काढून घेतला असता.

सासरे : आणि तोटा?

सचिवबाई : तो तुमचाच. त्यावर कुणी हक्क सांगत नाही.

सासरे : आणि तुम्ही आता करणार काय, जावईबापू?

जावई : घसरगुंड्या. शाळांसाठी, बागांसाठी. पत्रा कळतो मला. एक शेडही बघून ठेवलीय.

सासरे : वा! शेअर घसरवायचा, आणि वर घसरगुंड्या विकायच्या!

सचिवबाई : काका, खरेदीचं कारण काय लिहू? जावयाचं गाणं?

सासरे : लिहा. बेसूर तेवढं लिहू नका. कंपनीचा कागद आहे, राहतो.

जावई : बाबा, तुम्ही रागावला नाहीत ना?

सासरे : लेकीला सांगितलंत?

जावई : नाही. जाहीर होईपर्यंत घरातही बोलायचं नाही, असा नियम होता.

सासरे : मग अजून इथे काय बसलाय! उठा. तुम्हीच सांगा तिला. मी मध्ये एक शब्द बोलणार नाही. नुसता कडेला उभा राहून तिचा चेहरा बघणार आहे.