जिनिंगमधली कबुतरं

काय सांगू, माझा राग अजून गेला न्हाई! नामांतराच्या त्या दिवसांत मी जिंतूरच्या एका जिनिंगात कामाला होतो. गोदामात कबुतरं अडकली अन् कापसावर घाण करायला लागली. मॅनेजरनं बौद्धवाड्यातल्या किसन हमालाला वर चढवलं. तापलेल्या पत्र्याखाली तासभर लोंबकळून त्यानं एकेक कबूतर बाहेर काढलं. खाली उतरून तो माठाकडं गेला, तसा मॅनेजर ओरडला, “माठाला शिवू नको! ओंजळ धर, कुणीतरी वरून ओतंल.”

किसन म्हणाला, “पुढच्या टायमाला तुमीच चढा, साहेब,” अन् निघाला. मी माठ उचलून त्याच्या मागं गेलो. फाटकाबाहेर आमी दोघं त्याच माठातून पाणी प्यालो. दुसऱ्या दिवशी दोघांचंबी काम गेलं. अन् गाव त्या मॅनेजरला अजून देवमाणूस म्हणतंय!