आधी मापं

कॉम्प्युटरच्या दुकानात, दुरुस्ती काउंटरच्या रांगेत माझ्यापुढे एक शिंपीणबाई बंद पडलेला लॅपटॉप घेऊन उभ्या होत्या. मापाची टेप गळ्यातच राहिली होती. काउंटरवरच्या मुलाने एक कागद पुढे सरकवला.

“मॅडम, दुरुस्तीत आतलं सगळं पुसलं जाईल. इथे सही करा.”

“पुसलं जाणार असेल, तर सही कशाला करू?”

“मग नवीन घ्या. सेल चालू आहे.”

“नव्यात माझ्या सहाशे गिऱ्हाइकांची मापं असतील?”

“मापं काय, परत घ्यायची!”

“एकेकीचा घेर वाढलाय. ते त्यांना मी सांगू की तुम्ही सांगताय?”

“मॅडम, मागे रांग आहे.”

“मी बाजूला सरकते. पण जाणार नाही. कापड कापायच्या आधी मी दोनदा मोजते, दादा. तुम्ही एकदा उघडून तर बघा.”

“डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडावी लागेल. वेळ जाईल, आणि सगळं मिळेलच असं नाही.”

“जाऊ दे वेळ. शिलाईचं दुकान बंद करूनच आलेय.”

“एवढं काय अडलंय त्या मापांवाचून?”

“त्यात माझ्या आईचं माप आहे. ते आता परत कुणाचं घेऊ?”

“...मावशी, त्या खुर्चीवर बसा. स्क्रू ड्रायव्हर आणतो.”

“बसते. पण आधी तो सहीचा कागद फाडा.”