वैजयंती मॅडमची चौकट

अध्यक्षस्थानी विराजमान प्राचार्य मन्मथअप्पा, आज सेवानिवृत्त होत असलेल्या आदरणीय वैजयंती मॅडम, मंचावरील पाहुणेमंडळी, सहकारी बंधुभगिनींनो आणि मागं नाश्त्याकडं डोळे लावून बसलेल्या पोरांनो,

मॅडमबद्दल चांगलंच बोला, असं मला बजावून सांगितलंय. बोलतो. पण खरं सांगू का? मला या बाईंचा लय हेवा वाटतो.

पर्यावरणाचा तास माझा, प्रॅक्टिकल मॅडमचं. मी फळ्यावर रंगीत खडूनं अन्नसाखळी काढायचो. गवत, नाकतोडा, बेडूक, साप. साप तर काय झकास जमायचा! पोरं जांभया द्यायची. अन् मॅडमनी ती लोखंडी चौकट हातात घेतली की हीच पोरं मैदानाकडं पळत सुटायची. मीटरभर लांबरुंद चौकट. न बघता मागं फेकायची, पडेल तिथं बसून आतली झाडं मोजायची. एवढंच तर! त्याला काय सोनं लागलंय, सांगा बरं?

एकदा झरीच्या मल्लेशनं चौकट फेकली, अन् मोजायच्या आधी आतलं गाजरगवत, हराळी, सगळं निंदून काढलं. शेतातलं पोरगं, तण दिसलं की हात थांबत न्हाई. मी खिडकीतून बघायलो होतो. म्हटलं, आता बाई चिडणार, बरं झालं! तर मॅडम तिथंच खाली बसून पोट धरून हसल्या. म्हणाल्या, "बरं केलंस रे. आता मुळं बी मोजू." त्या ढिगातून मुळं निघाली, गांडुळं निघाली, मुंग्यांची अंडी निघाली. तास संपला तरी कुणी उठंना. माझ्या तासाला घंटेच्या आधीच दप्तरं भरलेली असतात. जळू नको तर काय करू?

सोमवारपासून हे प्रॅक्टिकल माझ्याकडं येतंय. इतकी वर्षं हेच तर पाहिजे होतं मला. काल दुपारी मैदान रिकामं बघून मी चौकट फेकली. बसलो, मोजायला लागलो. थोड्या वेळानं बघतो तर काय, माझ्याच मुठीत उपटलेली हराळी! मी बी राणीसावरगावच्या शेतातलंच पोरगं की हो. मागं वळून बघितलं. हसायला कुणीच नव्हतं.

मॅडम, सोमवारी या. पोरं तुमच्याकडंच बघतील, माझा जळफळाट होईल. तरी या.

अप्पांनी मला बोलू दिलं, आपण सर्वांनी ऐकून घेतलं, मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही वेडंवाकडं गेलं असेल तर पोटात घाला. मॅडम, तुमी तेवढं हसा.